नो मावशींचा मोर्चा

टेक्ससमधल्या प्लेनो शहरात प्रतिमाच्या शेजारी राहणाऱ्या कोरियन मावशींचं आडनाव खरोखरच 'नो' होतं, आणि स्वभावही आडनावाला जागणारा. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना सोलहून इथे आणलं. एसी लावू? नो. डिशवॉशर? नो. प्रतिमाशी मात्र त्यांची गट्टी जमली, तीही गल्लीतल्या बार्बेक्यूत. कुणीतरी बर्गर पुढे केला तेव्हा मावशींनी हात झटकला, "बीफ नो!"

प्रतिमाला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "गुरुनाथ, अरे त्या आपल्यातल्याच आहेत!" संकष्टीला मावशी मोदकांना आल्या, तूप ओतून ओतून खाल्ले आणि उरलेले डब्यात भरून घेऊन गेल्या.

पुढच्या शनिवारी दोघी कोरियन दुकानात गेल्या. तिथे मावशींनी बीफचं जाडजूड पाकीट उचललं. प्रतिमाचा चेहरा पडला.

"मावशी, बीफ नो ना?"

मावशींनी लेबलावर बोट ठेवलं. "हे ऑस्ट्रेलियाचं. अमेरिकन बीफ नो."

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सगळी कथा आली. मॅड काउ रोगाच्या भीतीनं बंद केलेल्या अमेरिकन बीफला दोन हजार आठ साली कोरियन सरकारनं पुन्हा दार उघडलं, तेव्हा सोल रस्त्यावर उतरलं होतं. मावशी रोज संध्याकाळी मेणबत्ती घेऊन जायच्या. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, त्या भिजल्या, तापानं फणफणल्या, पण तेव्हा सोडलेलं बीफ टेक्ससात येऊनही सोडलेलंच राहिलं. प्रतिमाला हसावं की रुसावं कळेना. ती जन्मात एकाही मोर्चाला गेली नव्हती.

सप्टेंबरात जॉर्जिया राज्यातल्या एका कोरियन कारखान्यावर इमिग्रेशनवाल्यांचा छापा पडला. कोरियन कामगारांना साखळ्या घालून नेताना टीव्हीवर दाखवलं, आणि मावशींचं जेवण तुटलं. त्यांनी निदर्शनांना जायचं म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "आई, नको ती भानगड. माझी नोकरी इथली आहे." तेव्हा त्या फलक घेऊन प्रतिमाच्या दारात उभ्या राहिल्या.

"ड्राइव्ह कर."

"मावशी, माझं ग्रीन कार्ड अजून लटकलंय हो."

"तू गाडीत बस. उभी मी राहते."

कोरियन दुकानांच्या चौकात थोडीशीच माणसं जमली होती. प्रतिमा काच वर करून बसली. तेवढ्यात सिग्नलला एक पिकअप ट्रक थांबला आणि आतला माणूस ओरडला, "गो होम!"

मावशी थेट त्याच्या खिडकीशी गेल्या. "मीपण हेच म्हणत होते! सोलमध्ये, तुमच्या अमेरिकन लष्करी छावणीसमोर, कितीतरी वर्षं. तुम्ही गेलात?"

माणूस गडबडला. शेजारी बसलेली त्याची बायको खो खो हसत सुटली. सिग्नल हिरवा झाला तरी ट्रक हलेना, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

प्रतिमा गाडीतून कधी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. उन्हात मावशींच्या हातातला फलक एका बाजूनं खाली झुकायला लागला होता. तिनं ग्रीन कार्डाचा एकदा विचार केला, आणि फलकाची दुसरी बाजू धरली. अक्षरं कोरियन होती.

"मावशी, यावर लिहिलंय काय?"

"घरी गेल्यावर सांगते. जरा उंच धर."