बेरिलबाईंचा नंबर चारशे त्र्याहत्तर

विम्बल्डनच्या तिकिटांच्या रांगेत बेरिल आउथवेट या बाईंना सगळे भिऊन असत. तीस वर्षं शाळेत पोरांना जेवण वाढलेल्या. मध्ये घुसणारा माणूस त्यांना पाठ फिरवलेली असतानाही दिसे. मलाही त्यांनी एकदा मित्राशेजारी उभं राहू दिलं नव्हतं. "शेवटी जा," एवढंच म्हणाल्या. मी गेलो, आणि पुढची अकरा वर्षं त्यांच्याच आसपास तंबू ठोकत आलो.

यंदा त्या चौऱ्याहत्तरच्या. गुडघे गेलेले. धाकट्या भावाच्या, क्लिफर्डच्या शेजारी बसून सेंटर कोर्टावरचा खेळ बघायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा रिवाज. पण हिवाळ्यात क्लिफर्डला अर्धांगाचा झटका आला. ही शेवटची वेळ, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बाई आदल्या दुपारीच आल्या. रांगेतल्या नंबराचं कार्ड मिळालं, चारशे त्र्याहत्तर. सेंटर कोर्ट पहिल्या पाचशेंना. क्लिफर्ड बसमध्ये झोपला, शेवटच्या थांब्यापर्यंत गेला आणि संध्याकाळी कसाबसा पोचला. त्याला सतराशे बारा.

सकाळी पहिल्या पाचशेंच्या मनगटाला सेंटर कोर्टाचे पट्टे बांधत कर्मचारी जवळ आला. ओल्या गवतावर झोपून सगळ्यांची अंगं आंबली होती. तरी मी म्हणालो, "बाई, बोलवा क्लिफर्डना इथे. कुणी हूं की चूं करणार नाही."

मागच्यांनी माना डोलावल्या. कर्मचारी मुद्दाम झाडांकडे बघू लागला.

"आणि ती पाचशे नंबरवाली मुलगी?" बाई म्हणाल्या. "ती बाहेर पडेल. तिनं काय घोडं मारलंय?"

भावाशिवाय त्यांना आत जायचंच नव्हतं. मग त्यांनी पिशवी उचलली. पण क्लिफर्डशेजारी उभं राहणं म्हणजेही मध्ये घुसणंच, म्हणून त्या थेट रांगेच्या शेवटी गेल्या. आपला नंबर सोडून क्लिफर्डही काठी टेकत मागोमाग निघाला. "बेरिल, तू ठार वेडी आहेस!" तो ओरडत होता. "आणि मी तुझ्याहून!"

एक जागा सुटली. पट्टा पाचशे एक नंबरला मिळाला. तो मी होतो.

खेळ पाच सेट चालला. टाळ्या वाजवायलाही मला लाज वाटत होती. संध्याकाळी बाहेर आलो, तर रांग अजून होतीच आणि ते दोघंही त्यात होते. क्लिफर्ड घडीच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला होता. बाईंच्या हातात चीज-लोणच्याचं अर्धं सँडविच तसंच होतं.

"कशी होती जागा?" त्यांनी विचारलं.

"कसली जागा! खांबाआड," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं तिथे बसलेय मी. खोटं बोलू नकोस." त्यांनी पिशवी बाजूला सारून मला बसायला जागा केली. "पहिल्या सर्व्हिसपासून सांग. थांब, आधी याला उठवते."