दुखवट्यात नेट चालू ठेवण्याचा ठराव

आमच्या गावात पिण्याचं पाणी एक दिवसाआड येतं आणि येताना थोडी रेती घेऊन येतं. इंटरनेट मात्र आमच्याकडे मुंबईच्या आधी आलं. अगदी सगळ्या मुंबईच्या आधी म्हणणार नाही, पण बोरिवलीला माझ्या आतेभावाच्या इमारतीत जुन्या टेलिफोनच्या तारेवर गाडी रखडत होती, तेव्हा तारापूरच्या बाजूच्या आमच्या मच्छीमार गावात घरोघर फायबरची लाइन पोचलेली होती. तिकडे बोईसरला, सरावलीच्या खोल्यांतून राहणारे कामगार सिग्नलसाठी गच्चीवर हात उंच करून उभे असत. इकडे आमच्या आळीत बोंबील साफ करता करता बायका अख्खा सिनेमा बघत, आणि तो मध्ये एकदाही थांबत नसे.

याचं श्रेय सरकारला देण्याची चूक कोणी करू नये. ते आमच्या केबलवाल्याचं. हा माणूस पूर्वी माझ्या बाबांच्या बोटीवर खलाशी होता. समुद्र लागतो म्हणून त्याने बोट सोडली, हे खलाशाने सांगण्यासारखं कारण नव्हे, पण तो बिनदिक्कत सांगत असे. मग त्याने टीव्हीची केबल टाकली आणि पुढे बोईसरच्या एका मोठ्या लाइनीतून फायबरची जोडणी मिळवली. कशी मिळवली ते त्याला आणि त्याच्या देवाला ठाऊक. आमची घरं इतकी चिकटून की एका घरात फोडणी पडली तर तिसऱ्या घरात शिंक येते, त्यामुळे केबल फारशी लागली नाही. ओढायला माणसंही आणावी लागली नाहीत. जन्मभर दोर ओढलेल्या लोकांनी कौलांवरून, बोंबील वाळवायच्या वलांड्यांच्या बांबूंवरून, दोन दिवसांत सगळं गाव बांधून टाकलं.

मग जे व्हायचं ते झालं, गावाला शिंगं फुटली. पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी त्याला मोबाइलवर स्पीड दाखवायचा. सोयरीक बघायला आलेल्या मनोरच्या मंडळींना मुलगी दाखवायच्या आधी राउटर दाखवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. या वेगाचं पुढे करायचं काय, असा प्रश्न कोणाला पडला नाही. वेग होता, बस.

मला मात्र त्या वेगाची खरोखर गरज होती. मी पुण्याला नोकरी करत होते. परदेशी इस्पितळांची बिलं विम्यासाठी तपासायची, असं ते काम, आणि त्यात अभिमान वाटावा असं काहीही नाही. आई आधीच गेली होती. बाबांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, आणि घरात त्यांना उठवून बसवणारं दुसरं कोणी नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, घरून काम करते. त्यांनी विचारलं, त्या खेड्यात नेट असतं का? मी स्पीडचा फोटो पाठवला. माझ्या सात वर्षांच्या नोकरीवर त्यांचा जेवढा विश्वास बसला नव्हता तेवढा त्या फोटोवर बसला. आठवड्याभरात मी ओटीवर टेबल टाकून बसले. आत खाटेवर बाबा, बाहेर मी, आणि दोघांच्या मध्ये एक पडदा. ते खोकले की मला कळे, आणि मी साहेबांशी गोड बोलले की त्यांना कळे. तेव्हा ते हसत, अर्ध्या तोंडाने.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी. गावात कोणी गेलं की गाव बंद. सकाळी देवळावरच्या भोंग्यातून पुकारा होतो, अमक्या आळीतला अमका गेला, आज समुद्र बंद. बोट जात नाही, बाजारात टोपली उतरत नाही, पिठाची गिरणी फिरत नाही. पुरुष दहन करून, आंघोळ करून घरी येईपर्यंत हे असं. केबलवाल्याने टीव्हीच्या काळापासूनच यात आपला वाटा उचलला होता. शेजारी प्रेत असताना पलीकडच्या घरातून मालिकेतल्या सासूचा आवाज यायला नको, म्हणून तो आपल्या पडवीतल्या पेटीतलं बटण खाली करी. फायबर आल्यावरही त्याने तेच बटण, त्याच भक्तीने, खाली करायचा नेम ठेवला.

म्हणजे आमचं नेट कधी बंद पडत नसे. ते बंद ठेवलं जाई, आणि मोबाइलचा सिग्नल आमच्याकडे बोलण्यापुरताच, त्यावर नेट चालत नसे. सबंध जिल्ह्यात सर्वांत वेगवान नेट आमचं, फक्त कोणी मरायला नको.

पहिल्या वेळी मी साहेबांना कळवलं, मयत झालं म्हणून नेट बंद होतं. त्यांनी सांत्वन केलं. दुसऱ्या वेळीही केलं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात एकूण माणसं तरी किती आहेत?" घरात नव्हे, गावात, असं मी समजावलं. "मग गावातल्या मयताचा आणि आपल्या कामाचा काय संबंध?"

तेव्हापासून मी गावातल्या आजारी माणसांची फार काळजी घेऊ लागले. कोणाला दम लागतोय, कोणाचं जेवण सुटलंय, कोणाला पालघरच्या इस्पितळातून परत पाठवलंय, सगळं मला पाठ असे. वरच्या आळीतल्या एका म्हातारीकडे मी पेज घेऊन जाई, कारण महिनाअखेर होती आणि ती निदान शुक्रवारपर्यंत टिकायला हवी होती. शुक्रवार काढून ती सोमवारी गेली. तिच्या सुना मला धरून रडल्या, म्हणाल्या, तुजेसारकी मायालू पोर नाय. मी पण रडले. मनात हिशेब आला, बरं झालं, सोमवारचं काम हलकं असतं.

पुढच्या पुकाऱ्याच्या दिवशी साहेबांची मोठी बैठक होती. मी बाबांना शेजारच्या काकूवर सोपवलं आणि लॅपटॉप घेऊन रिक्षाने बोईसरला गेले. एका हॉटेलात, डोशाच्या वासात बसून काम केलं. परत आले तर बाबा जमिनीवर. काकू मयताच्या घरी दोन मिनिटं डोकावून यायला गेली होती, तेवढ्यात ते पाण्यासाठी स्वतः उठायला गेले. कपाळाला खोक पडली होती. आणि त्याच संध्याकाळी साहेबांचा निरोप आला, आणखी एकदा कामाच्या वेळात नेट गेलं तर पुण्याला ऑफिसात हजर व्हायचं.

पुण्याला जायचं तर बाबांना कोणाकडे टाकायचं? मी त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि गावकीत, म्हणजे गावच्या पंचांकडे, अर्ज दिला.

बैठक देवळाच्या मंडपात झाली. मी चांगली तयारी केली होती. विद्यार्थ्यांच्या परीक्षा, डॉक्टरांचे सल्ले, हवामानाचे इशारे, सगळं मांडलं. बाबांचं नाव मुद्दाम काढलं नाही, स्वतःच्या गरजेला लोककल्याण म्हणायची कला मी ऑफिसात शिकले होते. शेवटी विचारलं, "मेलेल्या माणसाला नेटचा काय त्रास?"

गावकीचे अध्यक्ष म्हातारे होते. म्हणाले, "मेल्याला काय नाय. जे उरलेत त्यांना हाय."

मी म्हटलं, उरलेल्यांनाच तर पोटापाण्याचं बघायचंय. मागच्या तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी उठून म्हणालं की चोवीस तास नेट असलेलं सबंध किनाऱ्यावरचं पहिलं गाव आपलं होईल. झालं. पहिलं म्हटल्यावर आमच्या गावाला पुढचं ऐकू येत नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला. केबलवाला कोपऱ्यात बसला होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "पंच सांगतील तसं," आणि चपला शोधायला लागला.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते तांडेल होते, बोटीचे म्होरके. भर मोसमात, जाळं अर्धं ओढून झालेलं असताना, गावात मयत झाल्याचं कळलं म्हणून बोट फिरवून आणलेला माणूस. त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. "समुद्र... पन चालू ठेवनार काय?"

"नाही बाबा, फक्त नेट."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. ते तसं म्हणाले ते मला बरं वाटावं म्हणून, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कळलं नाही असं दाखवलं, कारण उद्या नऊला काम होतं.

ठराव फार यशस्वी झाला. त्यानंतरच्या मयतांना माझं काम एक मिनिटही अडलं नाही. साहेबांनी माझं कौतुक केलं. समुद्र बंदच असे, गिरणीही बंद असे, पण आता पुरुषमाणसं मयताच्या अंगणात सकाळपासून येऊन बसत नसत. घरीच असत, सुट्टी असल्यासारखी, क्रिकेट बघत. तिरडी उचलायच्या वेळेला ग्रुपवर निरोप टाकला की येत. रडायला बसलेल्या बायकांच्याही मांडीवर मोबाइल असे. मला हे सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणून सुटका करून घेणार नाही. दिसत होतं आणि मी ओटीवर बसून बिलं तपासत होते.

बाबा एका बुधवारी सकाळी गेले. मी चहात बिस्किट बुडवून त्यांच्या तोंडाशी नेलं आणि त्यांनी तोंड उघडलं नाही.

साहेबांना कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. फार वाईट झालं, हवी तितकी रजा घ्या, कामाची मुळीच काळजी करू नका. खाली आणखी एक ओळ होती, आता तुम्हाला पुण्याला यायला अडचण नसावी. ज्या माणसासाठी मी सगळ्या गावाची रीत मोडली त्याच्या मरणाच्या दिवशी मला नेट लागलं ते एवढी ओळ वाचण्यापुरतं.

भोंग्यातून पुकारा झाला. बाबांना अंगणात आणून ठेवलं. शेजारची काकू आली, तिचा नवरा आला, अध्यक्ष काठी टेकत आले. केबलवाला तर पुकाऱ्याच्या आधीच आला होता. अशी आठ-दहा माणसं. नऊ वाजले, दहा वाजले, तरी आठ-दहाच. चाळीस वर्षं ज्याने या गावाच्या बोटी वादळातून आणल्या त्याच्या अंगणात बाकी नुसतं ऊन होतं. ग्रुपवर मात्र हात जोडल्याची चित्रं धडाधड येत होती. माझा फोन सारखा थरथरत होता. मला इतका संताप आला की रडूच येईना. आणि संताप करायचा कोणावर, तर ठरावाच्या अर्जाखाली सही माझीच होती.

केबलवाला जवळ येऊन उकिडवा बसला. "बाय, तांडेल माजा हाय. बंद करू काय?"

पलीकडच्या घरातल्या मुलीची साडेदहाला नोकरीची मुलाखत आहे, हे मला माहीत होतं. तिनेच मला चार दिवसांपूर्वी आनंदाने सांगितलं होतं. भिंतीपलीकडून तिचा सराव ऐकू येत होता, "माझा आवाज येतोय ना सर?" म्हणून. मी ते ऐकलं, नीट ऐकलं, आणि म्हटलं, "करा काका."

त्याने पंचांना विचारलं नाही. उठून गेला.

दहाव्या मिनिटाला दारं उघडायला लागली. आधी तरुण पोरं बाहेर आली, मग बाप्ये. केबलवाला कुठे आहे, नेट कधी येणार, काय भानगड आहे, असं विचारत सगळे आमच्या आळीत शिरले, कारण तो आमच्याकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो परत येऊन बाबांच्या पायाशी बसला होता. जो येई तो तावातावाने अंगणात शिरे, समोर बघे, आणि चपला काढे. मग परत जायची सोय नसे, तसं जाणार कसं? मागून दुसरे येत. कोणीतरी बांबू आणायला गेलं. म्हाताऱ्या खलाशांपैकी एकाने बाबांनी बोट वाचवली ती गोष्ट काढली, आणि ती कधी न ऐकलेली पोरं ऐकत बसली. साडेअकरापर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा राहिली नाही. लोक वलांड्यांखाली, गल्लीत, थेट बंदरापर्यंत उभे होते.

यातलं कोण कशासाठी आलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. तरी अंगण भरलं होतं, आणि मी तेव्हा रडले.

पलीकडची मुलगीही आली. मुलाखतीचा नवा कुडता अंगात, डोळे लाल. ती माझ्यासमोर येऊन थांबली. "तूच सांगितलंस ना बंद करायला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती मला काहीही बोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. ती खाली बसली, माझ्या शेजारी सरकली, आणि माझ्या हातातला, आता गप्प झालेला फोन काढून तिने तो उलटा करून जमिनीवर ठेवला.