ओरणाच्या रकान्यातलं शून्य

काल सकाळी घुसळण अर्धीच झाली होती. लोणी नुकतं कुठे वर दिसायला लागलं होतं, तेवढ्यात हरकू काकीसांनी रवीची दोरी सोडली आणि ओढणीला हात पुसत उठल्या. पंचायतीच्या भिंतीवर ओरणाचा कागद लागलाय, असं शाळेचे मास्तर दारातून सांगून गेले होते. काकीसांना वाचता येत नाही, म्हणून मला बरोबर घेतलं.

काकीसा माझ्या चुलतसासू. नवरा गेल्यापासून एकोणीस शेळ्यांवर त्यांचं घर चालतं, आणि शेळ्या चरतात जाळणमातेच्या ओरणात. देवीच्या नावाने सोडलेलं रान ते. तिथे कुऱ्हाड नेत नाहीत. खेजडीच्या झाडाच्या शेंगा म्हणजे सांगरी, केर आणि पिलू ही रानफळं, गवत, वाळून पडलेलं सरपण, तळ्याचं पाणी, सगळं आम्हाला तिथून मिळतं. मात्र तिथून आणलेलं मोजायचं नाही. देवीने दिलेल्याला माप लावलं की ती हात आखडते, हे सासूने मला सांगितलं आणि मी माझ्या सुनेला.

मागच्या वैशाखात रिद्धिमा मॅडम आली. पंचविशीची, जयपूरची. ओरणापासून गावाला वर्षाकाठी किती रुपयांचा फायदा होतो ते तिला लिहून न्यायचं होतं. त्या आकड्यावरून ओरण ठेवायचं की उन्हावर वीज करणाऱ्या काचा बसवायला कंपनीला द्यायचं ते ठरणार होतं, हे तिने सांगितलं नाही. आठ दिवस काकीसांच्या घरी राहिली. त्यांना भुआ म्हणायची, म्हणजे बापाची बहीण.

"भुआ, वर्षाला सांगरी किती किलो येते?"

"पोट भरेल एवढी."

"तीच विकत घेतली असती तर?"

"आमच्या मातेने दुकान कधी काढलं गं?"

आम्ही बायका हसलो, मॅडमही हसली. म्हणाली, "बरं भुआ, मी तसंच लिहिते. याचं मोल करता येत नाही."

काकीसांना ते इतकं पटलं की त्या घरोघर फिरल्या. मॅडमने विचारलं तर कुणी आकडा सांगू नका. चाळीस घरांनी सांगितला नाही. मीही नाही.

भिंतीवरचा कागद मी वाचला. चारा शून्य. सरपण शून्य. फळं शून्य. पाणी शून्य. जमीन पडीक, कंपनीला द्यावी. हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचला.

"माझं नाव आहे?"

होतं. माहिती देणार, हरकूदेवी आणि इतर एकोणचाळीस.

ओट्यावर चिमाराम वाणी बसला होता. "काय काकीसा, देवीचं रान फुकटात देऊन टाकलंत की!"

काकीसा एरवी त्याला सोडायच्या नाहीत. काल तशाच वळल्या. घरी येऊन माझ्या फोनवरून मॅडमला लावायला सांगितलं.

"भुआ! कशा आहात?"

"शून्य लिहिलंस?"

"भुआ, त्या रकान्यात आकडाच बसतो. शब्द लिहिला तर फॉर्म पुढे जात नाही. तुम्ही आकडा दिला नाहीत, मी काय करणार?"

"हे तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, वरचे लोक बघतील…"

"आठ दिवस माझ्या घरी काय खाल्लंस? जाताना आईसाठी सांगरीची पुडी मागून नेलीस. ती शून्य होती?"

"ते वेगळं हो, भुआ."

"भुआ म्हणू नकोस."

फोन बंद कसा करतात ते त्यांना ठाऊक नाही. तो माझ्या हातात दिला तेव्हा ती बोलतच होती. मी बंद केला.

"कंपनी परकी," काकीसा म्हणाल्या, "तिचा काय राग धरायचा? हिने माझ्या ताटात हात घातला होता."

संध्याकाळी मास्तर आले. हरकत घ्यायची तर आकडे लागतील, म्हणाले. घरटी सांगरी किती, चारा किती, बाजारभाव काय. नुसती देवीची शपथ कोणी वाचणार नाही.

"म्हणजे मोजायचं?"

"हो, काकीसा."

"सगळं?"

"सगळं."

रात्री त्या जेवल्या नाहीत. मी देवापुढे बसले, पण जप होईना. लिहू नये, तरी लिहिते: मला मातेचाही राग आला. तिचा मान राखला म्हणून तर आम्ही गप्प राहिलो.

आज सकाळी काकीसांनी बायकांना ओरणातल्या देवळापाशी बोलावलं. माझी मोठी जाऊ पेमी फटकन म्हणाली, "तुम्हीच तर नको म्हणालात! आता मोजलं आणि पाप लागलं तर?"

"तेव्हा मी म्हणाले, आताही मीच म्हणते. पाप पहिलं मला लागू दे. माझ्या घरापासून सुरू करा."

कुणी हो म्हटलं नाही, पण उठूनही कुणी गेलं नाही. काकीसांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. काय मागितलं ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मग चपला घातल्या, आणि त्या चिमारामच्या दुकानात तराजू आणि वजनं मागायला निघाल्या.