जिनातला परदेशी

बायलर तापायला लागला की खानदादा त्याला उलटा हात लावून बघायचा, आई लेकराचा ताप बघते तसा. हाताची कातडी कशाची होती कोण जाणे, चटका म्हणून बसत नसे. मग सगळ्या जिनाला ऐकू जाईल असं जाहीर करायचा, "तब्येत बरी हाये आज हिची!" बायलरला तो बाईमाणूसच समजायचा.

मी कोकणातून कारंज्याला कापसातली सरकी काढायच्या जिनात कारकून म्हणून आलो, तेव्हा दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. माझ्या बोलण्याला जिनातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. खानदादानं मला हाताशी धरलं. "बाबू, 'कशाला' नाही, 'कायले' म्हना. आपल्या वराडात असं बोलत नाहीत."

माझा हा वऱ्हाडीचा मास्तर मुळात अफगाण मुलखातला, हे मला कळायला चार महिने लागले. मिसरूड फुटायच्या आधी हिंग विकणाऱ्या काकाबरोबर तो आला होता. काका पटकीत गेला, पुतण्या जिनात राहिला. तीस वर्षांच्या कोळशानं त्याचा मूळचा गोरा रंग पार गाडून टाकला होता, घारे डोळे धुरानं लालभडक झाले होते. परका दिसायचो तो मीच, गोरा आणि घारा.

बायलरच्या सांडपाण्यावर त्यानं वांगी लावली होती. ती तो बायांना वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी भाजी कशी झाली याची उलटतपासणीही घ्यायचा.

परदेशी माणसांनी ठाण्यात नाव नोंदवून कागद करून घ्यावेत, अशी दवंडी एकदा गावात पिटली गेली. खानदादानं ती कान देऊन ऐकली आणि मान डोलावली. "बरं केलं सरकारनं. बाहेरच्या मानसावर नजर पाह्यजेच." तुम्हाला वाटेल तो थट्टा करत होता. छे! ही दवंडी आपल्यासाठी आहे, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग एका दुपारी फाटकाशी पोलिसांची लॉरी थांबली. जबलपूरकडचा नवा इन्स्पेक्टर होता. दोन्ही दारांवर शिपाई उभे करून त्यानं आम्हाला रांगेत उभं केलं. नाव न नोंदवलेल्या एका अफगाणाचं वर्णन त्यानं कुठल्याशा तीस वर्षांपूर्वीच्या कागदावरून उतरवून आणलं होतं : रंग गोरा, डोळे घारे. रांग बघत बघत तो माझ्यापुढे थांबला.

"यही है."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. मी हिंदीत खुलासा करायला लागलो, आणि माझं हिंदी ऐकून तर त्याची खात्रीच पटली.

मी आशेनं मुकादमीण गिरजाबाईकडे पाहिलं. तिनं एकदा बायलरपाशीच राहिलेल्या खानदादाकडे नजर टाकली आणि पदर सावरून म्हणाली, "हो साहेब, थोच. ह्याची बोली आमाले समजतच नाही."

"भाकर बी खाता येत नाही त्याले!" मागून कोणीतरी पुस्ती जोडली. सगळ्या रांगेनं माना डोलावल्या. गावातले शिपाई छताकडे बघत राहिले.

क्षणभर माझं डोकंच फिरलं. मग उजेड पडला. माझ्या कोकणातल्या घरून पत्र आलं की मी चार दिवसांत सुटणार होतो. खानदादा सापडला तर कायमचा सरहद्दीपार जाणार होता. मी तोंड मिटलं. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण त्या घटकेला मी जितका वऱ्हाडी झालो, तितका पुन्हा कधी झालो नाही.

शिपायानं माझं मनगट धरलं, तेवढ्यात खानदादा हात पुसत पुढं आला.

"कायले येऊन राह्यले इकडं? जा ना मांगं!" गिरजाबाई दातओठ खाऊन पुटपुटली.

"सोडा साहेब त्याले. त्याची बायको दोन जिवाची हाये, घरी एकटी हाये. बाहेरचा मी हाये."

त्या गडबडीत माझी बायको मीच विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

इन्स्पेक्टर त्याला खालीवर न्याहाळून हसला. "तू? तू तो यहीं का है."

तीन वेळा सांगूनही पटेना, तेव्हा खानदादानं डोळे मिटले आणि लहानपणी पाठ झालेली पश्तू दुआ म्हणायला लागला. दोनदा अडखळला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. कोळशानं काळ्या झालेल्या गालांवरून पाणी ओघळलं. मलाही रडू आवरलं नाही.

लॉरीत चढताना तो बायांना रागावला, "रडून काय राह्यल्या? वांगे तोडून घ्या, जून होतीन."

जिनाच्या मालक शेटजींनी अर्ज केला, आम्ही सगळ्यांनी सह्या आणि अंगठे दिले. उपयोग झाला नाही.

वर्षभरानं खानदादाचं, कोणाकडून तरी उर्दूत लिहवून घेतलेलं एक कार्ड आलं. उर्दू शाळेच्या मास्तरांनी ते जिनाच्या अंगणात वाचून दाखवलं. सगळ्यांना सलाम होता. बाबूला मुलगा झाला की मुलगी, ही चौकशी होती. 'इथले लोक माझ्या बोलण्याला हसतात,' असंही होतं. शेवटी त्याचं नाव होतं. त्याखालच्या ओळीपाशी मास्तरांनी चष्मा पुसला आणि हळू आवाजात वाचलं, "राहणार कारंजा, हल्ली मुक्काम काबूल."