काकूंच्या जॅममधलं सफरचंद

बाजारात त्यांना सगळे तिखटकाकू म्हणत. विकायच्या जॅम, पण जिभेला मिरचीची धार. बाटलीवर एकच ओळ: ‘स्ट्रॉबेरी, साखर, लिंबू. बस्स.’ गिऱ्हाइकाने विचारलं नसलं तरी ही ओळ त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, शेजारच्या गाळ्यात ऐकू जाईल अशी.

शेजारचा गाळा कारखानदाराचा. त्याचा जॅम लालभडक आणि स्वस्त. “सफरचंदाच्या गराला लाली फासतो आणि स्ट्रॉबेरी म्हणून विकतो मेला,” काकू म्हणायच्या. पण नुसतं म्हणून भागत नव्हतं. पुरावा हवा होता.

म्हणून त्या हात धुऊन बाजार समितीच्या मागे लागल्या. फळ शिजवा, गाळा, रंगवा, त्याच्या डीएनएचे तुकडे आत उरतातच आणि ते कुठल्या फळाचे हे प्रयोगशाळेत कळतं, एवढं त्यांनी सुनेच्या मोबाइलवरून शिकून घेतलं होतं. समितीने टाळाटाळ करून पाहिली, मग नाक मुठीत धरून होकार दिला. नियमही काकूंनीच रेटून घेतला: बाटलीवर नसलेलं फळ आत निघालं, तर हंगामभर गाळा बंद. सबब चालणार नाही.

“पहिली बाटली माझी न्या,” त्या तोऱ्यात म्हणाल्या.

अहवाल मांडायच्या सभेच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतली बाई स्वतः काकूंच्या घरी आली. “काकू, कारखानदाराच्या जॅममध्ये सफरचंद आहे.”

“मी काय सांगत होते!”

“तुमच्याही आहे.”

काकूंचा पारा असा चढला, की सून गॅसवरचं दूध सोडून धावत आली. “माझ्या जॅममध्ये सफरचंद? यंत्र बिघडलंय तुमचं! थांबा, तुमच्या डोळ्यांदेखत करून दाखवते. बसा इथं!”

पातेलं चढलं. स्ट्रॉबेरी, साखर, लिंबू. रटरट सुरू झाली तशी काकूंनी फडक्याची एक पोटली घट्ट बांधून आत सोडली.

“हे काय?” बाईने विचारलं.

“पोटली.”

“पोटलीत काय आहे, काकू?”

“साली आणि बिया. जॅम आळायला. माझी आई टाकायची. नंतर काढून टाकतो की आपण.”

“कशाच्या साली?”

“सफरचंदाच्या,” काकू म्हणाल्या आणि स्वतःचाच शब्द ऐकून पातेल्याकडे वळल्या. आयुष्यभर त्यांनी ती पोटली बाहेर काढून फेकली होती. आत असताना ती काय सोडते, हे कधी मनातच आलं नव्हतं.

“आई, तुमचं अगदी किंचित निघालंय, त्या कारखानदाराचा निम्मा गरच सफरचंदाचा,” सून बाईने आणलेले अहवाल वाचत म्हणाली. “समितीला समजावून सांगू. सूट देतील.”

“मला दिली की तोही मागेल. मग त्याला नाही म्हणायला मी कुठलं तोंड आणू?”

दुसऱ्या दिवशी समितीच्या जिन्यात कारखानदार वाट अडवून उभा. दोन्ही अहवालांची बातमी त्यालाही लागली होती. बोलणं पाकात बुडवलेलं. “वहिनी, तुमचंही सफरचंद, आमचंही सफरचंद. कशाला चव्हाट्यावर आणायचं? दोन्ही अहवाल कपाटात राहू द्या. तुमचा हंगाम वाचेल, माझाही.”

हंगामावर काकूंचं वर्षभराचं घर चालायचं. क्षणभर त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मी पोटली टाकली, भाऊजी. तुम्ही पिंपं ओतलीत. सरका बाजूला.”

सभेत अहवाल त्यांनीच वाचला, आधी स्वतःचा. कालची चिकट पोटलीही टेबलावर ठेवली. मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. काकूंनी नुसतं वळून पाहिलं, तो गप्प.

अध्यक्ष चाचरत म्हणाले, “काकू, तुमच्याकडून नकळत झालंय, तेव्हा आपण...”

“नकळत हा शब्द नियमात नाही. मीच घालू दिला नव्हता.”

आणि त्यांनी कारखानदाराचा अहवाल वाचायला घेतला.

बाजारात परतल्यावर काकूंनी बाटल्या खोक्यांत भरल्या, शटर खाली ओढलं, कुलूप लावलं. सून पिशव्या घेऊन निघाली. काकू हलल्या नाहीत. शेजारच्या गाळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“आता काय वहिनी?” कारखानदार आतून खेकसला.

“माझं झालं. तुमचं ओढा.”