बादलीमागे दोन ओंजळी राख

भट्टीचं दार उघडलं आणि मी आधी चष्मा पुसला. एकशेवीस वाट्यांपैकी एकही धड नव्हती. काही पापडासारख्या शेल्फवर पसरल्या होत्या, काही शेजारणीच्या गळ्यात पडल्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर फोड.

माझं काम स्टोनवेअरचं. म्हणजे माती साडेबाराशे डिग्रीला भाजायची. मग ती दगडासारखी होते, पाणी पीत नाही. सातपूरला एका गाळ्यात माझी इलेक्ट्रिक भट्टी आहे. चाकावर दगडूमामा बसतात. मूळचे नामपूरचे, चाळीस वर्षं माठ आणि रांजण घडवलेले. तेव्हा त्यांना माझ्याकडे येऊन चारच महिने झाले होते. हात असा, की त्यांच्यासमोर माझ्या डिप्लोमाचं नाव काढायची लाज वाटावी.

वाट्या गंगापूर रोडवरच्या एका नव्या मिसळ हॉटेलच्या होत्या. उद्घाटन आठ दिवसांवर आलेलं.

पहिला संशय तापमानावर. भट्टीत आम्ही कोन ठेवतो. बोटाएवढा मातीचा सुळका असतो, ठरलेली उष्णता मिळाली की वाकतो. तो हवा तेवढाच वाकला होता. दुसरा संशय ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेच्या थरावर. पण त्याच ग्लेझच्या, जुन्या मातीच्या माझ्या नमुन्याच्या टाइल्स त्याच भट्टीत ताठ उभ्या होत्या. मग उरली माती. मी सप्लायरला फोन लावला.

"मॅडम, तीच बॅच अजून पाच जणांना गेलीय. कोणाची तक्रार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही, पण..."

मी त्याला चांगलंच झापलं आणि फोन ठेवला. मामा दाराशी उभे होते. हातातला चहा तसाच होता.

"ताई, त्या मानसाला बोलू नका," ते म्हणाले. "मनी चूक शे."

मामा माझ्याशी एरवी अहिराणी बोलत नाहीत. आज घरची भाषा तोंडातून निघाली, ती 'माझी चूक आहे' हे सांगायला.

"माती लय चिकट होती. चार वाट्या वाळताना तडकल्या. मंग मळताना राख घातली. बादलीमागं दोन ओंजळी. चाळून घातली."

माठाच्या मातीत राख नाहीतर लीद घालतातच. त्यानं माती मोकळी होते, वाळताना तडकत नाही. गावाकडची भट्टी आठशेच्या आसपास तापते, तिथं राख राखच राहते. साडेबाराशेला ती वितळते आणि सोबत मातीलाही बसवते. आमच्याकडे पहिली भाजणी नऊशेला होते. त्यात वाट्या छान निघाल्या होत्या, म्हणून कुणालाच पत्ता लागला नाही.

"मला विचारायचं नाही का?" माझा आवाज चढलाच.

"माती मळताना कुनी इचारतं का, ताई?"

खरंच होतं. आणि मला आठवलं, पहिल्याच आठवड्यात मामांनी भट्टी किती तापते ते विचारलं होतं. मी म्हणाले होते, "ते मशीन बघतं, मामा. तुम्ही चाकाचं बघा." मला स्वतःचाच राग आला, आणि तो मामांवर काढायची सोय उरली नव्हती.

सप्लायरची माफी मागितली. मग हॉटेलवाल्यांना फोन केला. ते देवळ्याचे, कांद्याच्या व्यापारातून हॉटेलात आलेले.

"वाट्यांना अजून बारा दिवस लागतील," मी म्हणाले.

"कामगारानं घोळ घातला का?"

"नाही. मी सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही."

त्यांनी दिवसांचा हिशेब केला. "चार दिवस स्टीलमध्ये वाढतो. त्याच्यापुढं एक दिवस नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पिशवी घेऊनच आले. "दुपारच्या गाडीनं नामपूरला जातो. तुमचं लय नुकसान झालं."

मी घाबरले. वाट्या कोण करणार, ही भीती होतीच. पण चाळीस वर्षं मातीत घालवलेला माणूस आपल्याला माती कळत नाही असं समजून घरी जाणार, हे मला सोसेना. मी मांडणीवरून एक जुनी टाइल काढून त्यांच्या हातात दिली. हिरवट, चकचकीत.

"वर काय आहे?"

"काच."

"नुसती राख आहे, मामा. भुरभुरून भट्टीत ठेवली होती."

त्यांनी अंगठा फिरवला. मग नखानं खरवडून पाहिलं. "राखेचं पानी होतं व्हय?"

"साडेबाराशेला होतं."

"मंग मातीचं काय राहनार," ते म्हणाले आणि पिशवी खुंटीला अडकवली. दुपारची गाडी गेली तेव्हा फळीवर चाळीस वाट्या होत्या.

बाराव्या दिवशी वाट्या हॉटेलात पोचल्या. नवख्याला सगळं सांगावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जाणत्याला जास्त सांगावं लागतं, कारण त्याचा हात विचारायला थांबत नाही. हे शिकायला मला एक भट्टी लागली.

मामा मात्र आता चाकावर पाणी शिंपडायचं झालं तरी विचारतात, "ताई, टाकू का?" मी दर वेळी "टाका" म्हणते. ते खरंच विचारतात की माझी फिरकी घेतात, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.