भानुमतीकाकूंची मशेरी

भानुमतीकाकू चहा बशीत ओतून प्यायच्या, कचरा जपानी शेजारणींपेक्षा नेटका वेगळा करायच्या आणि रोज सकाळी बोटाने मशेरी घासायच्या. नागोयात उभा जन्म गेला, ही खोड गेली नाही. शहाण्णव साली हिरडी झिजून दातांची मुळं उघडी पडली. डॉक्टरांनी टाळूचं मांस काढून तिथे शिवलं. बजावलं, "बोट लावलंत तर दात गेले."

आठवडाही झाला नव्हता. शेजारची अनघा मऊ भात घेऊन आली. काकूंच्या तव्यावर मशेरीसाठी तंबाखू भाजली जात होती, पण त्यांना धीर नव्हता. डबीतली उरलीसुरली मशेरी लावून बोट आधीच तोंडात.

"काकू, अहो, टाके!"

"अगं, वरच्या वर लावतेय."

बोट बाहेर आलं. काळ्या लाळेत मांसाची फिकट पट्टी, तिला लोंबणारा दोरा. काकूंनी गॅस बंद केला. तंबाखू अर्धीकच्चीच राहिली.